खाऱ्या वाऱ्यात गाडीचा रंग जपताना

पावसाळ्यात आमच्याकडे मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. झाकण कितीही घट्ट लावा, आषाढात चमचा घातला की मीठ ओल्या वाळूसारखं वर येतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि विरघळायला लागतं. किनाऱ्यावरच्या गावात उभ्या असलेल्या गाडीच्या पत्र्यावर हेच घडत असतं, आणि त्याला पावसाळाच लागतो असं नाही. दुपारी खारे वारे सुटतात, समुद्राचे डोळ्याला न दिसणारे तुषार गाडीवर येऊन सुकतात. रात्री मतलई वारा सुरू होतो, पहाटे दंव पडतं आणि त्या सुकलेल्या मिठाचं पुन्हा पाणी होतं. रंगाचा टवका जिथे उडालेला असेल तिथून हे खारं पाणी पत्र्यापर्यंत पोहोचतं.

मग सकाळ होते. गाडीचा मालक कोरडा फडका घेऊन अंगणात येतो आणि बॉनेटवरून गोल गोल हात फिरवतो. त्या फडक्याखाली मीठ असतं, वाळूचा कण असतो, चिरेखाणीवरून येणाऱ्या ट्रकांनी उडवलेली जांभ्याची लाल धूळ असते. गेली बरीच वर्षं रत्नागिरीच्या आसपासच्या गाड्या बघून माझं मत पक्कं झालंय, की आपल्याकडे गाडीचा रंग समुद्रामुळे जेवढा जातो त्याहून जास्त या सकाळच्या फडक्याने जातो. म्हणून या लेखातल्या प्रत्येक पायरीत एकच क्रम पुन्हा पुन्हा येईल: आधी गोडं पाणी, मग हात.

रंग म्हणजे नेमकं काय

हल्लीच्या गाडीच्या पत्र्यावर चार थर असतात. सगळ्यात खाली गंज रोखणारा थर, जो कारखान्यात अख्खी बॉडी टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. चारही मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा असतो, म्हणजे सगळा रंग मिळून दोन केसांएवढा. क्लिअर कोट त्यातला ४०-५० मायक्रॉन. चमक त्याच्यातच असते, उन्हातली अतिनील किरणं तोच अडवतो आणि फडक्याचे ओरखडेही त्याच्यावरच पडतात. तो एकदा घासून गेला की घरी परत आणता येत नाही. पॉलिश करणं म्हणजे हा थर थोडा थोडा झिजवून सपाट करणं, एवढं ध्यानात असलं की हात आपोआप जपून चालतो.

जुन्या गाड्यांवर, विशेषतः साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगाच्या, क्लिअर कोट नसायचा. रंगाचाच एक जाड थर. आपली गाडी कुठल्या जातीची आहे ते ओळखायला सोपं आहे. दाराच्या आतल्या कडेला पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन हलकं घासा. कापडावर गाडीचा रंग उतरला तर क्लिअर नाही. कापड नुसतं मळकट झालं तर क्लिअर आहे.

वडिलांची २००९ सालची लाल गाडी क्लिअर नसलेल्या जातीची. सात वर्षं ती अंगणात उघड्यावर उभी होती. बॉनेट आणि टप फिकट गुलाबी झाले होते, बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी लागायची. येणारा-जाणारा सांगायचा, आता रंग मारायलाच हवा. प्रत्यक्षात वरचा फक्त मेलेला पापुद्रा काढावा लागला, खाली लाल रंग जसाच्या तसा होता. त्याच वयाच्या क्लिअर कोटच्या गाडीचं बॉनेट पांढरट पडून साल निघाल्यासारखं पोपडे धरायला लागलं असतं, तर कितीही पॉलिश करून काही झालं नसतं. तिथे पेंटरच लागतो. म्हणून कामाला हात घालण्याआधी आपल्या गाडीला यातलं नेमकं काय झालंय ते दिवसाच्या उजेडात नीट बघून घ्या.

धुणं

या कामात सगळ्यात जास्त फरक धुण्याने पडतो, म्हणून हे जरा विस्ताराने सांगतो.

पाणी कुठलं, हा आपल्याकडे पहिला प्रश्न. खाडीकाठच्या विहिरी मार्चनंतर मचूळ होतात. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मीठ काढून मीठ लावणं. काचेचा एक पेला त्या पाण्याने विसळून उन्हात सुकवा. पांढरी वलयं उमटली तर ते पाणी पहिल्या धुण्याला चालवा, शेवटचं पाणी मात्र दुसरं हवं. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी पिंपात धरून ठेवा, पहिले दोन-चार पाऊस सोडून. त्यात क्षार जवळजवळ नसतात, सुकल्यावर डाग राहत नाही. मे महिन्यात जिथे प्यायला टँकर येतो तिथे पाइप लावून गाडी धुवा असं सांगणं बरोबर नाही. मी बागेत फवारणीला वापरतात तसला, पाच लिटरचा हातपंप गाडीसाठी वेगळा ठेवलाय. औषध मारलेला पंप कधीही वापरू नका, त्यात काय काय राहिलेलं असतं सांगता येत नाही. त्या पाच लिटरमध्ये गाडीवरचं मीठ आणि सुटी धूळ खाली येते, आणि दोन बादल्यांत पुढचं धुणं होतं.

सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, पत्रा हाताला गार लागेल तेव्हा सुरुवात करा. आधी नुसतं पाणी, टपापासून खाली. चाकांच्या वरची कमान, मडगार्डच्या आतली कड, दारांच्या खालची बाजू इथे आंबा किंवा कुंभार्ली घाट उतरून आल्यावर लाल चिखल थापलेला असतो. त्यावर पाणी मारून पाच मिनिटं थांबा, तो स्वतःच सैल होतो. ओला होईपर्यंत त्याला बोट लावू नका.

मग दोन बादल्या घ्या. एकीत गाडीचा शांपू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शांपूत बुडवायचा, एक पत्रा पुसायचा, मोजा साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि मगच पुन्हा शांपूत. दुसऱ्या बादलीच्या तळाशी जी लाल माती बसते ती एरवी तुमच्या क्लिअर कोटवर फिरली असती. हात सरळ रेषेत, पुढून मागे. गोल फिरवू नका, कारण गोल ओरखडे उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात. दारांचा खालचा वीतभर भाग आणि मागची बाजू सगळ्यात शेवटी, वेगळ्या कापडाने. चाकांचं कापड रंगाला कधीच लावायचं नाही.

कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण टाळा. ते तेलकटपणाबरोबर मेणाचा थरही काढून नेतात आणि रबराच्या पट्ट्या कोरड्या पाडतात. भांड्यांचा काथ्या गाडीच्या जवळपासही नको. गाडी धुवायला बाहेर देत असाल तर उभं राहून बघा. एका ठिकाणी मी गाडी सोपवून चहाला गेलो. परत आलो तेव्हा ज्या ब्रशने आधीच्या ट्रकची चाकं धुतली त्यानेच माझं बॉनेट घासलं जात होतं. ते ओरखडे काढायला मला दोन रविवार लागले.

सुकवायला मोठा, जाड मायक्रोफायबर टॉवेल. तो घासायचा नाही, पत्र्यावर पसरून अलगद ओढायचा. जुना बनियन, साडीचा तुकडा, पेपर, यातलं काही नको. कापसाच्या कापडाच्या शिवणी आणि बटणं रंगाला रेघा पाडतात. दारं, डिकी आणि बॉनेट उघडून चौकटीतलं पाणी टिपा. दारांच्या तळाला बारीक भोकं असतात, ती मातीने बुजतात. आगपेटीच्या काडीने मोकळी करा. समोरच्या काचेखालच्या जाळीत सुरूची सुयांसारखी पानं आणि आंब्याचा पाचोळा अडकतो, तिथे ओल धरून गंज सुरू होतो.

किती वेळा धुवायची? समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत राहत असाल तर नुसत्या पाण्याचा मारा दोन दिवसांआड, शांपू पंधरा दिवसांनी. आरे-वारेच्या समुद्राकाठच्या रस्त्याने उधाणाच्या दिवशी गेलात, किंवा दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटीतून गाडी आणलीत, तर त्याच दिवशी, खालच्या बाजूसकट. बोटीवर चढता-उतरताना चाकांना खारं पाणी लागतं ते मडगार्डच्या आत जाऊन बसतं. आणि सकाळी फडका मारल्याशिवाय चैनच पडत नसेल, तर आधी फवारणीच्या पंपाने पाणी मारा आणि ओल्या पत्र्यावर ओला मायक्रोफायबर फिरवा.

चीक, मोहोर, विष्ठा आणि हळद

धुऊनही न जाणारे डाग आपल्याकडे जरा खास असतात.

झाडाखाली गाडी लावायची सवय सगळ्यांनाच आहे आणि उन्हापासून सावली बरीच. पण कुठलं झाड ते बघा. डिसेंबरपासून हापूस मोहोरतो, त्यावर तुडतुडे येतात आणि त्यांच्या अंगातून गोड चिकट द्रव गळतो. कलमाखाली एक रात्र गाडी ठेवली तर काच आणि टप चिकचिकीत होतो. दोन दिवसांत धुतलं तर कोमट पाणी आणि शांपू पुरे. राहू दिलं तर त्या गोडव्यावर काळी बुरशी धरते, जशी पानांवर धरते, आणि ती काढायला घासावं लागतं. माडाखाली तर लावूच नका. नारळाचा धोका सगळ्यांना कळतो, पण वाळलेली झावळ पडली तरी तिच्या पिढ्याने, म्हणजे बुडाच्या जाड देठाने, टपाला पोचा येतो आणि रंग तडकतो.

फणसाच्या चिकाचा उपाय घरातल्या प्रत्येक बाईला माहीत असतो. फणस कापायच्या आधी हाताला आणि विळीला खोबरेल लावतात ना, तेच इथे. डागावर खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवा, चीक मऊ होऊन सुटतो, मऊ कापडाने उचला आणि तिथे शांपूने धुऊन तेलाचा अंश काढा. महामार्गाच्या कामावरून उडालेल्या डांबराच्या ठिपक्यांनाही हाच उपाय चालतो, फक्त वेळ जास्त लागतो. रॉकेलने डांबर लवकर जातं, पण कापडावर थोडंसं घेऊन, लगेच धुऊन टाकायचं. पेट्रोल आणि थिनर रंगाला लावू नका. आंब्याच्या डेखातून उडणारा चीक आंबट-जहाल असतो, आपल्या कातडीलाही भाजतो. तो दिसला की लगेच पाणी.

पक्ष्यांची विष्ठा ही खरी घाई करण्याची गोष्ट. बंदराजवळ, मासळी बाजाराजवळ घारी, कावळे, बगळे यांचा सुकाळ. त्यांच्या पांढऱ्या विष्ठेत युरिक आम्ल असतं. उन्हात तापलेल्या मऊ क्लिअर कोटवर ती सुकून आकसते आणि खाली खड्ड्यासारखी खूण सोडते. उन्हाळ्यात सकाळची विष्ठा संध्याकाळपर्यंत राहिली तर खूण कायमची व्हायची शक्यता असते. नखाने खरवडायचं नाही. ओलं कापड त्यावर पाचेक मिनिटं ठेवा, भिजलं की चिमटीत उचलून घ्या. मी डिकीत पाण्याची छोटी बाटली आणि दोन कापडं कायम ठेवतो, ती याचसाठी.

खंडेनवमीला गाडीची पूजा आमच्याकडे मनापासून होते आणि व्हायलाच हवी. फक्त हळद-कुंकू बॉनेटवर बोटाने दाबून चोळू नका, कोरड्या कुंकवात खरखर असते. ओल्या गंधाने स्वस्तिक काढा, दुसऱ्या दिवशी पाण्याने भिजवून काढा. हळदीचा पिवळेपणा राहिला तर घाबरू नका, हळदीचा रंग उन्हात उडतो, आठवड्याभरात फिका होतो. झेंडूच्या माळा ओल्या राहून कुजल्या की तपकिरी डाग सोडतात, तेव्हा दोन दिवसांत उतरवा. माळ सेलोटेपने चिकटवू नका, जुना रंग टेपबरोबर निघून येतो. दोऱ्याने बांधा.

बोअरच्या पाण्याची पांढरी वलयं पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढंच पाणी घालून जातात. कापड भिजवून मिनिटभर ठेवायचं, मग भरपूर पाणी. आमसुलाने तांबं-पितळ लखलखतं म्हणून ते गाडीला लावणारा एक जण मी पाहिलाय. तसं करू नका, आंबटपणा किती लागतोय याचा अंदाजच राहत नाही.

हाताला लागणारी खरखर

धुतलेल्या, सुकवलेल्या बॉनेटवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून रवाळ लागेल. हे रंगात रुतून बसलेले कण. कोकण रेल्वेच्या स्टेशनाबाहेर आठवडाभर गाडी लावून मुंबईला जाणाऱ्यांच्या पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी ठिपके दिसतात, ते ब्रेक आणि रुळांच्या घर्षणातून उडालेल्या लोखंडाच्या कणांचे. त्यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा फवारा मिळतो. तो लोखंडाला लागला की जांभळा होऊन ओघळतो. वास उग्र असतो, मोकळ्या जागेत आणि हातमोजे घालूनच वापरा, पत्र्यावर सुकू देऊ नका.

उरलेल्यासाठी क्ले बार. मातीसारखा मऊ गोळा, त्याची तळहाताएवढी चकती करायची, पत्र्यावर शांपूचं पातळ पाणी फवारायचं आणि चकती हलक्या हाताने सरळ पुढे-मागे सरकवायची. सुरुवातीला खरखर ऐकू येते, मग आवाज बंद होतो. तेवढा भाग झाला. चकती दुमडून स्वच्छ बाजू वर घ्या. गोळा जमिनीवर पडला तर टाकून द्या, कितीही नवा असला तरी, कारण अंगणातला एकच खडा त्यात बसला तर सगळ्या बॉनेटवर रेघ येईल. क्ले वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर. कोजागिरी ते दिवाळी हा त्याचा काळ.

पॉलिश

आधी नख. ओरखड्यावर आडवं नख फिरवा. अडकलं तर तो ओरखडा क्लिअर कोटच्या खोल गेलाय, पॉलिशने कडा मऊ होतील पण तो जाणार नाही, आणि त्याच्या मागे लागून आजूबाजूचा थर पातळ कराल. नख अडकत नसेल तर काम घरी होण्यासारखं आहे.

बाजारात ‘रबिंग कंपाउंड’ आणि ‘पॉलिश’ अशा दोन गोष्टी मिळतात. कंपाउंड जाड कापतं, पॉलिश बारीक. बहुतेक लोक सुरुवातच कंपाउंडने करतात, आणि ते चुकतं. बॉनेटवर हातभर चौकोन मास्किंग टेपने आखा आणि आधी सगळ्यात मऊ फोम पॅड व बारीक पॉलिश लावून बघा. ओरखडे समाधानकारक गेले तर संपूर्ण गाडीला तेवढंच पुरे. नाही गेले तर पॅड बदला, मग कंपाउंड. टूथपेस्टमध्येही घासणारी भुकटी असते पण तिचा कण किती मोठा ते कळत नाही, तेव्हा ती दातांसाठीच ठेवा.

यंत्र घ्यायचं तर ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर घ्या, ज्याचं पॅड फिरताना डोलतंही. गॅरेजमध्ये दिसतं ते एका दिशेने फिरणारं रोटरी यंत्र नवख्याच्या हातात एका जागी थांबलं की पत्रा तापवून क्लिअर जाळतं. पाच इंची फोम पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच ठिपके, दीड फूट लांब-रुंद भाग. यंत्र बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवा, हळू वेगात पॉलिश पसरा, मग डायल सहापैकी चार-पाचवर. हात एका सेकंदाला इंचभर सरकला पाहिजे, एवढा हळू. आधी आडवे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्यावर, मग उभे, मग पुन्हा दोन्ही. यंत्राच्या वजनाला हाताचा थोडाच दाब. पत्रा कोमट झाला तर चालेल, गरम झाला तर थांबा. प्रत्येक दोन-तीन भागांनंतर पॅडमधला गाळ ब्रशने काढा. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून विजेचं यंत्र चालवू नका, आणि वायर खांद्यावरून मागे टाका म्हणजे ती रंगावर घासणार नाही.

पुसून झाल्यावर औषधांच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल चौपट-पाचपट पाण्यात मिसळून त्याने तो भाग पुसा. पॉलिशमधलं तेल ओरखडे तात्पुरते झाकतं, ते गेल्यावरच खरं काय ते दिसतं. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा.

कडा आणि पत्र्यावरच्या उठलेल्या रेषा यांवर रंग सगळ्यात पातळ असतो. माझ्या दुसऱ्या, करड्या गाडीच्या मागच्या दाराची कड मी अशीच घालवली. टेप लावली नव्हती, पॅड कडेवर तिरकं झालं आणि काही सेकंदांत खालचं प्रायमर दिसायला लागलं. ते दार मला बाहेरून रंगवून घ्यावं लागलं. तेव्हापासून प्रत्येक कड, हँडलभोवतीची बाजू आणि प्लास्टिकची पट्टी मी टेपने झाकतो. टेपला दहा मिनिटं जातात.

लाल गाडीसारख्या खडूचा थर धरलेल्या जुन्या रंगाला यंत्र लागलंच पाहिजे असं नाही. हाताने, स्पंजच्या गोल अ‍ॅप्लिकेटरवर पॉलिश घेऊन, एका वेळी बॉनेटचा चौथा हिस्सा. कापड लालभडक होतं, ते बघून छातीत धस्स होतं, पण जातो तो मेलेला रंग. कापड सतत बदला, नाहीतर काढलेलाच रंग परत घासला जातो. तीन पॅड आणि दोन संध्याकाळी गेल्या, आणि वडील दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीभोवती नुसतेच फिरत राहिले.

पूर्ण गाडीला असं पॉलिश दोन-तीन वर्षांतून एकदा करा, त्याहून जास्त नको.

टवका आणि गंज

महामार्गावर खडी उडून बॉनेटच्या पुढच्या कडेला टवके जातात. इतर ठिकाणी असा टवका वर्षभर तसाच राहतो. किनाऱ्यावर एका पावसात त्याच्याभोवती रंग फुगायला लागतो. म्हणून टवका दिसला की लगेच निदान बोटाने मेणाचा थर किंवा पारदर्शक नेलपॉलिश लावून तोंड बंद करा, आणि नीट दुरुस्ती थंडीत करा. पावसाळ्यात टचअप करू नका. रंगातला द्रव उडताना पत्रा गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंग दुधाळ पडतो. मार्गशीर्ष-पौषातली कोरडी दुपार, अकरा ते तीन, ही वेळ.

गंज असेल तर एक पायरी बहुतेक जण गाळतात. आधी ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने सैल गंज काढा, चकचकीत धातू दिसेपर्यंत, आणि फुगलेल्या रंगाच्या कडेच्या पुढे जाऊन निरोगी रंगापर्यंत. मग ती जागा गोड्या पाण्याने, कापूस बदलून बदलून, चार-पाच वेळा पुसा आणि पूर्ण सुकवा. गंजाच्या आत मिठातला क्लोराइड अडकलेला असतो. तो आत राहून वरून रंग चढवला तर रंगाखाली गंज पुन्हा चालू होतो. त्यानंतर खड्ड्यांत उरलेल्या काळसर गंजावर रस्ट कन्व्हर्टर. यातल्या काही प्रकारांत टॅनिक आम्ल असतं, ते गंजाला काळ्या स्थिर थरात बदलतं. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडलं की पाणी काळंभोर होतं, तीच ही गंमत.

त्यावर एपॉक्सी प्रायमरचा पातळ हात. रंगाचा क्रमांक गाडीवरच्या पट्टीवर असतो, बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीत. सापडला नाही तर चासी नंबर सांगून डीलरकडून मिळतो. अंदाजाने ‘सिल्व्हर’ म्हणून आणू नका, सिल्व्हरच्या कितीतरी छटा असतात. टचअप दात कोरायच्या काडीच्या टोकाने भरा, बाटलीतल्या ब्रशने नव्हे, तो फार जाड. एक थेंब, अर्धा तास थांबा, पुन्हा एक थेंब. रंग आजूबाजूच्या किंचित खाली असताना थांबा आणि वरून क्लिअर, तो मात्र केसभर वर येईल इतका. दहा-बारा दिवस सुकू द्या. मग खोडरबरच्या तुकड्याला २००० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून, साबणाच्या पाण्यात भिजवून, फक्त उंचवट्यावर फिरवा. नंतर ३००० नंबर, नंतर पॉलिश. मेण महिन्याभरानेच, तोवर खालचे थर पूर्ण वाळलेले नसतात.

मेण, शेड आणि कव्हर

पॉलिश केलेला रंग उघडा ठेवू नका. कार्नौबा या झाडाच्या मेणाला चमक सुरेख, पण आपल्या पावसात ते दोन महिनेही धड टिकत नाही. मी सिंथेटिक सीलंट, म्हणजे मेणाऐवजी लावायचा कृत्रिम लेप, वापरतो, मे महिन्याच्या शेवटी, मृग लागायच्या आत, आणि दुसऱ्यांदा दिवाळीत. बारीक थर, पंधरा-वीस मिनिटांनी पुसून घ्यायचा. जाड लावल्याने जास्त टिकत नाही. पाण्याचे थेंब पत्र्यावर गोल उभे राहायचे बंद झाले की पुन्हा लावायची वेळ झाली असं समजा. सिरॅमिक कोटिंगची जाहिरात सगळीकडे आहे. ते चांगलं असतं, पण चुकलं तर पॉलिश करूनच काढावं लागतं, म्हणून पहिल्या खेपेला घरी त्याच्या वाटेला जाऊ नका.

कापडी कव्हरबद्दल माझं मत अगदी प्रतिकूल आहे. वारा सुटला की ते फडफडतं आणि खालची धूळ रंगावर पॉलिश पेपरसारखी फिरते. पावसात खाली ओल कोंडते आणि क्लिअर पांढरा पडतो. त्यापेक्षा चार खांबांवर पत्रे, आणि समुद्राच्या बाजूला माडाच्या झावळ्यांच्या विणलेल्या झडी. घराच्या पडवीला पावसाळ्यात लावतो तशाच. वाऱ्यातले तुषार त्या अडवतात आणि हवा खेळती राहते.

आणि शेवटी पेंटरकडे जावंच लागलं, पोपडे किंवा दाराखाली आरपार गंज यासाठी, तर दर विचारण्याआधी दोन गोष्टी विचारा. गंजाचा पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करणार, की त्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग मारणार? लांबी पाणी शोषते, खाली गंज असेल तर एका पावसात ती फुगते. आणि रंग कुठल्या महिन्यात मारणार? बंद, कोरडी, हीटरची खोली नसेल तर जून ते सप्टेंबरमध्ये गाडी देऊ नका. टवक्यांवर मेण लावून दसऱ्यापर्यंत थांबा.